वरचा वीतभर गाळ

वाचकांच्या अद्भुत अनुभवांच्या या सदरात कधी काळी माझंही पत्र छापून येईल असं कुणी म्हणालं असतं, तर मी तोंडावर हसलो असतो. आम्ही कोल्हापूरचे अत्तार. अत्तरं, सुरमा, अगरबत्ती, ऊद, लोबान हा आमचा पिढीजात धंदा... आणि लोबान न्यायला येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या घरात काहीतरी ‘असतं’. कुणाच्या सुनेच्या अंगात येतं, कुणाच्या गोठ्यात पांढरी बाई उभी राहते. लहानपणापासून हे ऐकत आलो. पण लोबान विकणारानंच भुताला भ्यायचं ठरवलं, तर धंदा करायचा कुणी? त्यातून महाराजांच्या राज्यात आमच्या समाजातल्या मुलांना शिकायची सोय झाली, मी मॅट्रिक झालो, सायन्सची गोडी लागली — मग तर बघायलाच नको. जिन, चकवा, करणी, सगळ्यावर माझं एकच औषध ठरलेलं होतं: पोट साफ ठेवा.

तेव्हा खालची हकीकत कुणाला पटलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. मलाही ती अजून नीट पचलेली नाही. पण ती घडली माझ्या डोळ्यांदेखत, चांगल्या लख्ख उजेडात, आणि एका शिकल्यासवरल्या साक्षीदारासमोर.

अगोदर अब्बांविषयी, म्हणजे माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं. संस्थानात पहिला प्लेग आला तेव्हा शहर ओस पडलं. लोक रानामाळात झोपड्या घालून राहिले. आमचं कुटुंब मामांच्या आधारानं मलकापूरकडं गेलं. मी तेव्हा रांगत होतो. तिथं कसल्याशा तापानं माझी अम्मा गेली. तोच ताप अब्बांनाही आला होता. ते वाचले, पण त्यांची वासाची जाण गेली. नाक जागच्या जागी, चांगलं सरळ, धारदार... त्याला वास तेवढा येईना. अत्ताराची वास घ्यायची शक्ती जाणं म्हणजे गवयाचा गळा कायमचा बसणं. हकीम झाले, वैद्य झाले, मिशनचे डॉक्टर झाले. एकानं तर मिरचीची धुरी दिली. शिंका आल्या, वास काही आला नाही.

दुकान त्यांनी सोडलं नाही. मात्र स्वतः अत्तर उतरवणं, म्हणजे फुलं उकळून त्यांचा अर्क काढणं, बंद केलं. तांब्याचं भांडं माळ्यावर गेलं ते गेलंच. उत्तरेतल्या कनोजहून अत्तराचा माल आला की पारखायला मी. “हुंग आणि सांग,” असं म्हणून बुधला माझ्यापुढं सरकवायचे. मला त्यांचंच नाक मिळालंय असं चारचौघांत सांगायचे, आणि सांगतासांगता माझ्यावरच डोळे वटारायचे — जसं काही मी ते त्यांच्या खिशातून चोरलंय! स्वभाव असा तापट की शेजारचा बांगडीवाला म्हणायचा, “अत्तरवाल्याचं दुकान हाय का फटाक्याचं?” अम्माचा विषय मात्र निघाला की हा गडगडाट एकदम थांबायचा. ते उठून दुसरंच काहीतरी करायला लागायचे. माझ्याजवळ तिची एकही आठवण नाही. फोटो नाही. तिचे कपडे प्लेगच्या वेळी जाळून टाकलेले.

मॅट्रिकनंतर मी कॉलेजात सायन्सच्या प्रोफेसरसाहेबांच्या हाताखाली लॅबोरेटरी असिस्टंट म्हणून लागलो. तिकडं युरोपात लढाई पेटलेली, पण साहेबांच्या डोक्यात भलतंच. त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात वाचलं होतं, की तळ्याच्या गाळावरून डोंगराचा जुना काळ सांगता येतो. गोष्ट तशी सोपी आहे. डोंगरावरच्या तळ्यात दर पावसाळ्याला थोडा गाळ बसतो. त्या वर्षीची पानं, बिया, फुलांतली पिवळी धूळ, वणवा लागला असेल तर कोळसा, हे सगळं त्या थरात पुरलं जातं. त्यावर पुढच्या वर्षीचा थर. म्हणजे गाळ जितका खालचा तितका जुना. असा उभा तुकडा काढून एकेक थर मायक्रोस्कोपखाली बघितला, तर आज जिथं उघडा खडक आहे तिथं पूर्वी कसलं रान होतं, पाऊसपाणी कसं होतं, हे ओळखता येतं.

मलकापूरच्या वरच्या अंगाला, रत्नागिरीच्या रस्त्यापासून थोडं आत, एक सडा आहे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं तांबड्या-काळ्या कातळाचं सपाट मैदान. झाड औषधालाही नाही. त्याच्या मधोमध एक तळं. आसपासची सगळी आटली तरी हे आटत नाही, म्हणून साहेबांनी तेच निवडलं.

चैत्रात आम्ही गेलो. भोपळ्यांची सांगड बांधून पाण्यात मध्यभागी गेलो आणि लोखंडी नळी गाळात दाबत नेली. साहेब सायन्सचे पक्के, पण सांगड जरा कलली की त्यांच्या तोंडून तेहतीस कोटींपैकी निम्म्यांची तरी नावं बाहेर पडत! नळी वर काढली की लाकडी दांड्यानं गाळ हळूहळू फळीवर ढकलायचा आणि पहिलं काम ठरलेलं — वरचा वीतभर भाग काढून टाकायचा. तो पातळ असतो, म्हशींनी तुडवलेला, कुठलं वर्ष कुठं गेलं त्याचा पत्ता लागत नाही. “हे सगळं कालपरवाचं. याचा काय उपयोग?” साहेब म्हणाले. विलायतेतही तसंच करतात म्हणे. आम्ही तो हातानं निपटून पुन्हा तळ्यात सोडला. खालच्या घट्ट गाळाचे बोटबोट जाडीचे तुकडे केले, ओल्या फडक्यात गुंडाळले, प्रत्येकाला खुणेचा दोरा बांधला.

पुढं अडचण आली उन्हाळ्याची. लॅबोरेटरीच्या पत्र्याखाली ते तुकडे सुकून तडकायला लागले. आमच्या दुकानामागं अत्तराची खोली आहे. जाड भिंती, खिडकी नाही, वैशाखातही तिथं गार असतं. मी साहेबांना म्हटलं, तिथं ठेवू. त्यांनी आनंदानं परवानगी दिली.

अब्बांनी अर्थातच घर डोक्यावर घेतलं. “चिखल? अत्तराच्या खोलीत चिखल? शिकून ह्येच शिकलास व्हय?” मी सांगितलं, की हा साधा चिखल नव्हे, मलकापूरच्या सड्यावरच्या तळ्याचा आहे, सरकारी कॉलेजचं काम आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि पुढं एक शब्द न बोलता बाहेर जाऊन बसले. मला वाटलं, सरकारचं नाव काढल्यामुळं गप्प बसले.

दोनचार दिवसांनी, भर दुपारी, गुलाबपाण्याची बाटली आणायला म्हणून ते खोलीत गेले आणि बाहेरच येईनात. गिऱ्हाईक ताटकळलं. मी आत डोकावलो. अब्बा जमिनीवर मांडी घालून बसलेले, एक तुकडा फडक्यातून सोडून ओंजळीत धरलेला आणि त्यात तोंड खुपसलेलं.

“अब्बा?”

“गप. पाऊस पडालाय.”

बाहेर ऊन असं, की रस्त्यावर कुत्रं फिरकत नव्हतं. “कुठं?” मी विचारलं.

“ह्यात.” त्यांनी डोळे उघडले नाहीत. “ओली साल हाय. कुजल्याली पानं. वर झाडी एवढी दाट की ऊन खाली पोचत न्हाय.”

खरं सांगतो, मला पहिली शंका आली ती त्यांच्या डोक्याविषयी. मी फळीवरची केवड्याची कुपी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. ज्या केवड्यानं माझं कपाळ चढलं, त्याचा त्यांना मागमूस नव्हता. कापूर धरला, हिंग धरला. काही नाही. आणि पुन्हा तो गाळाचा तुकडा उचलला की चेहरा बदलायचा. दुसरा तुकडा घेतला आणि म्हातारा चक्क ओरडला, “सुरंगी! लेका, सुरंगी फुलल्याली हाय हितं!”

मी तोच तुकडा हुंगला. चिखल. आपल्या घराण्याचं नाक म्हणवून घेणाऱ्या मला निव्वळ चिखलाचा वास आला.

साहेबांना सांगावं की नको, या विचारात एक दिवस गेला. शेवटी सांगितलं. ते हसले नाहीत, उलट चिडले. “तुम्ही त्यांना थरांची माहिती दिली असणार,” म्हणाले. मी शपथ घेतली. मग ते स्वतः दुकानात आले आणि रीतसर टेस्ट घेतली. अब्बांच्या डोळ्यांवर स्वतःचं उपरणं बांधलं. दोरे सोडून तुकडे उलटसुलट केले. कुठला कुठला, हे त्यांनी वहीत टिपलेलं, त्यांचं त्यांनाच ठाऊक. वर आणखी एक डाव — येताना शहराजवळच्या कळंब्याच्या तळ्याचा गाळ आणला होता, तो मधेच सरकवला.

अब्बा एकेक हुंगत गेले. “ह्ये लई जुनं. दाट रान हाय. ह्ये त्याच्या अलीकडचं. ह्यात सुरंगी हाय. ह्यात जळल्यालं हाय, रान पेटवल्यालं हाय कुणीतरी. ह्यात गवत हाय नुसतं, आन् गुरं.” कळंब्याचा गाळ हातात दिला, तो त्यांनी नाकाला लावला, झटकन खाली ठेवला. “ह्यो कुठनं आणला? ह्यात काय न्हाय. नुसता चिखल.”

साहेबांनी सगळे तुकडे अब्बांच्या म्हणण्याप्रमाणं ओळीनं लावले आणि स्वतःची खूण ताडून बघितली. एकही इकडचा तिकडं नव्हता. ते पायरीवर बसले आणि प्यायला पाणी मागितलं. जळकं म्हणून सांगितलेल्या थरात कोळशाचे कण नंतर मायक्रोस्कोपखाली मी स्वतः पाहिले. सुरंगीची फुलं साहेबांनी कोकणातून मुद्दाम मागवली. त्यांतल्या पिवळ्या धुळीचे कण आणि त्या थरातले कण शेजारी ठेवले तर ओळखू येऊ नयेत इतके सारखे. आज त्या सड्यावर सुरंगी सोडा, बाभळीचं झुडूप नाही. “हे खरं आहे,” साहेब मला म्हणाले, “आणि हे मला रिपोर्टात लिहिता येणार नाही. काय लिहू? एका गृहस्थांनी हुंगून सांगितलं?”

पण हे नंतरचं झालं. त्या दिवशी दुकानात उपरणं सोडल्यावर अब्बांनी शेवटचा तुकडा पुन्हा एकदा नाकाशी नेला. “साहेब,” म्हणाले, “ह्यो सगळ्यात अलीकडचा न्हवं? ह्यो आमच्या आज्याच्या वक्ताचा असंल. ह्याच्या वरचा कुठाय?”

साहेबांनी मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं, की वरचा भाग ढवळलेला असतो, तो कामाचा नसतो, म्हणून तो आपण टाकून देतो.

मला वाटलं, आता भडका उडणार. उडाला नाही. अब्बांनी उपरण्याची नीट घडी घातली, साहेबांच्या हातात दिली आणि आत निघून गेले.

मी मागोमाग गेलो. ते फळीवरच्या कुप्या उगाच सरळ करत राहिले. मग बोलायला लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून मी अम्माविषयी ऐकलं.

“आमी झोपडी घातलीती ती त्याच तळ्याच्या काठाला. पाणी न्हाय आटत म्हणून. तिथंच ती गेली. बायकांनी चादरी धरून तिला आंघोळ घातली. बोरीचा पाला, कापूर... आन् मी एक कुपी दिली. लग्नाच्या वर्षी तिच्यासाठी उतरवल्यालं अत्तर. दुसऱ्या कुणाला इकलं न्हवतं. कफनाला लावलं, उरल्यालं त्या पाण्यात वतलं. बाया म्हणाल्या, समद्या सड्यावर दरवळ सुटलाय.” त्यांनी एका कुपीचं बूच घट्ट केलं. “आन् मला... मला ताप चढल्याला. जनाज्याला खांदा दिला, तोंड कापडाजवळ न्हेलं. काय न्हाय. काय सुदिक न्हाय. माझ्या हातचं अत्तर, माझी बायको, आन् मला वास आला न्हाय.”

मी विचारलं, “पुन्हा उतरवलं नाही कधी ते?”

“नाकावर उतरवतात ते. मापावर न्हाय.” मग माझा दंड धरून म्हणाले, “ते पाणी उतारानं तळ्यात गेलं. म्हंजे त्या सालच्या गाळात ती हाय का न्हाय? तूच सांग. तू शिकलाईस की!”

काय सांगणार होतो? वास असा गाळात टिकत नाही, हे सायन्स मला ठाऊक होतं. पण मग ती सुरंगी? मी म्हटलं, “आपण जाऊ.”

बैलगाडीनं मलकापूर गाठलं, तिथून पायी वर चढलो. अब्बा माझ्या पुढं चालत होते. सड्यावर पोचलो आणि मी जागीच उभा राहिलो. तळं खरवडलेलं होतं. काठाकाठानं गाड्यांच्या चाकोऱ्या, मध्ये हातभर पाणी. पंचवीस-तीस वर्षांतनं एकदा गावकरी तळ्याचा गाळ उपसून शेतात टाकतात, खतासारखा चालतो. यंदा नेमका उपसला होता. आम्ही नळी घेऊन आलो तेव्हाच वीतभर गाळ सांभाळून ठेवला असता, तर... हे तेव्हापासून मी किती वेळा मनात म्हटलं असेल, त्याची गणती नाही.

अब्बा तोवर वळले होते. गाड्यांच्या चाकोऱ्या धरून खाली उतरायला लागले.

खालच्या वावरात गाळाचे ढीग पडले होते, काही पांगवून झाले होते. अब्बा पहिल्या ढिगाशी गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी उकरलं, हुंगलं. उठले. दुसरा ढीग. बांधावरून एका शेतकऱ्यानं हाळी दिली, “ओ पावणं! काय हरवलंय काय?”

“व्हय,” अब्बा ओरडले.

“सोनं हाय काय?”

“न्हाय. माणूस.”

शेतकरी जवळ आला. त्यानं माझ्याकडं बघून, म्हातारा असा का करतोय, असं डोळ्यांनीच विचारलं. मी थोडक्यात सांगितलं — आई त्या तळ्यावर गेली, प्लेगच्या साली, तिथली वरची माती हवी आहे. तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून काखेत धरलं. “पयल्या गाड्यांचा गाळ त्या आंब्याच्या अंगाला टाकलाय बघा. वरचा त्योच असणार की. त्यो अजून पांगवल्याला न्हाय.” त्याची बायको घागरीतनं पाणी घेऊन आली. अब्बांनी पाणी घेतलं नाही.

तिथं पाचसहा ढीग होते. ऊन पाठीवर आलेलं. मी म्हटलं, थोडं सावलीला बसू. ऐकतो कोण! अब्बांच्या दाढीला, कपाळाला गाळ लागलेला. बांधालगतच्या ढिगाशी त्यांनी हात घातला, ढेकूळ फोडलं, नाकाशी नेलं आणि तसेच राहिले. मला वाटलं, घेरी आली. धरायला गेलो तर ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते.

“मरवा,” म्हणाले. “कापूर. बोरीचा पाला... आन् ह्ये माझं. आली रं. आमिना आली.”

तिचं नाव मी घरात ऐकलं होतं, पण त्यांच्या तोंडून कधीच नव्हतं. शेतकऱ्याची बायको तोंडाला पदर लावून मागं सरली.

“ये,” अब्बांनी माझी मान धरून खाली ओढली. “हुंग. तुझी अम्मा हाय. तुला दिसली न्हाय कवा, निदान वास तरी घे तिचा.”

मी गुडघ्यांवर बसलो. त्यांच्या ओंजळीत तोंड घातलं आणि छाती भरेपर्यंत श्वास घेतला. उन्हानं तापलेली माती. शेण. कुजलेलं गवत. पुन्हा घेतला. डोळे मिटून, इतकी वर्षं कनोजच्या मालात एकेक फूल वेगळं काढलं तसा शोधत राहिलो. माती.

“आली न्हवं?” अब्बा विचारत होते. “आली न्हवं रं?”

“आली,” मी म्हणालो.

ते ढेकूळ ओल्या फडक्यात बांधून आणलं. मलकापुरात पोचेपर्यंत अब्बांनाही त्यात काही येईनासं झालं होतं. घरातले तुकडेही त्यानंतर त्यांना मुके झाले. सुरंगी नाही, पाऊस नाही. त्यांनी तक्रार केली नाही. पुढं इन्फ्लुएंझाच्या साथीत ते गेले. मलकापूरला नेऊन तिच्या शेजारी ठेवायचं मनात होतं, पण त्या दिवसांत गाडीवान मिळेना, इथंच दफन करावं लागलं. याची हळहळ आहे ती आहेच.

साहेब अजून म्हणतात, की शेतातला प्रकार हा दुःखी मनाचा खेळ असावा. असेल. पण मग उपरणं बांधून लावलेली ती ओळ? कळंब्याचा गाळ? त्यावर ते मायक्रोस्कोपची काच पुसायला लागतात. आमच्या मौलवीसाहेबांना विचारलं, त्यांनी अल्लाची मर्जी म्हणून सांगितलं. वाचकांपैकी कुणाला काही उलगडत असेल तर जरूर कळवावं. मेलेलं नाक एका तळ्याच्या गाळापुरतं जिवंत कसं झालं, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे... पण रात्रंदिवस छळतो तो प्रश्न हा नव्हे. त्या वावरात आम्ही दोघं गुडघ्यांवर होतो. ती त्यांची बायको होती, तशी माझीही आई होती. मग मला का नाही आली?